ग्रीसला चला ना आमच्याबरोबर!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी आखलेला बेत आजवर कधी फसलेला नाही! शाळेत मी चौथीपर्यंतच गेले, तीही अर्धीच. वर्गात बाई बोलणार की मी, हे काही ठरेना, म्हणून बापानं घरी आणून बसवलं. पण दोन पोरींची लग्नं, एका पोराचं लग्न, गावचं घर आणि दुबईतला दोन खोल्यांचा संसार, सगळं मी डोक्यातल्या डोक्यात आखलं आणि पार पाडलं. कागदाला पेन लावलं नाही. तेव्हा आठ दिवसांची ग्रीसची सहल म्हणजे माझ्या हातचा मळ! निदान मला तसं वाटलं होतं.

आमचे हे, म्हणजे हमदुल्ला, जबल अलीच्या बंदरात क्रेन चालवतात. छत्तीस वर्षं झाली. उंचावर काचेच्या पेटीत बसायचं आणि जहाजावरचे कंटेनर उचलून खाली ठेवायचे. खाली भोंगे, शिट्ट्या, ट्रकांची घरघर, आणि कानाशी वॉकीटॉकीवर कोणी ना कोणी ओरडतंय, "हमदुल्ला, यल्ला यल्ला, चल आवर!" एवढं ऐकून घरी यायचं, तर घरी मी! त्यामुळे माणूस गप्प होत गेला. आता दिवसाला अकरा शब्द बोलतात. मी मोजलेत.

यंदा त्यांची नोकरी संपते. आधी मे महिन्यातली शेवटची सुट्टी, मग सप्टेंबरात व्हिसा कॅन्सल, मग कायमचं गाव. एका संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "अहो, छत्तीस वर्षं राबलात. आता सांगा, काय पाहिजे तुम्हाला? चांगलं घड्याळ? नवा मोबाईल?"

हे उठले. कपाट उघडलं. कपड्यांच्या खालून एक जुनं कॅलेंडर काढलं. दोन हजार सहा सालातला ऑगस्ट महिना! कुठल्याशा ग्रीक जहाजावरच्या स्वयंपाक्यानं त्यांना दिलं होतं म्हणे. चित्रात एक छोटंसं पांढरं हॉटेल, पुढे वाळू, पुढे निळा समुद्र. वाळूत दोन खुर्च्या आणि एक छत्री. बाकी चिटपाखरू नाही.

"इथं," हे म्हणाले. "आठ दिवस. कोणी ओळखीचं नको. तू आणि मी. बोलायचं नाही."

बघा, दिवसाचे अकराच्या अकरा शब्द एका दमात खर्च केले!

"वाळू?" मी म्हटलं. "अहो, या देशात वाळूशिवाय दुसरं आहे काय? आणि आपल्या गावच्या किनाऱ्यावर काय गालिचा अंथरलाय?"

शब्द संपले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "गावी सगळे ओळखतात."

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. आणि आता नाही तर कधीच नाही, कारण एकदा गावी गेलं की ग्रीस कुठलं नि काय कुठलं! मी कंबरेवर हात ठेवून सांगितलं, "जैनबनं शब्द दिला. आठ दिवस तुम्ही, मी आणि समुद्र. चौथं कोणी नाही!"

सून सुमैय्या हुशार आहे, माझ्या हाताखाली तयार झालीय. तिनं मोबाईलवर तस्संच हॉटेल शोधून काढलं. खोल्या फक्त चौदा. दारातच वाळू. एका रात्रीचे तीनशे ऐंशी दिरहम, म्हणजे आपले नऊ हजार रुपये, वाळूत बसायचे! फोटोंत लोक उघडेवाघडे पालथे पडलेले.

"हे काय गं?" मी अकरा वर्षांच्या नातीला, सफाला, विचारलं. "आमच्या गावी वाळूवर बोंबील सुकत घालतात, तिथं माणसं?"

"दादी, इट्स कॉल्ड सनबेदिंग!"

"असू दे. पण मधे उलटवायला कोणी येतं, की एका बाजूनं करपू देतात?"

व्हिसाच्या ऑफिसात माझ्या बोटांचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं भांडी घासून रेषा गेल्यात. काचेपलीकडची पोरगी म्हणत होती, "प्रेस हार्डर, मॅडम!" शेवटी असा अंगठा दाबला की यंत्रच कुईं करून ओरडलं. पण व्हिसा आला! ह्यांनी त्याच दिवशी जाऊन गवताची एक टोपी विकत आणली आणि सवय व्हावी म्हणून घरातच घालून बसायला लागले. आमची बाल्कनी समोरच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्याकडे तोंड करून आहे. आम्ही राहतो त्या जागेचं नाव दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क, पण त्यात पार्क म्हणावं असं काही मला अजून दिसलेलं नाही. तर हे टोपी घालून, डोळे मिटून, कारखान्याकडे तोंड करून समुद्राचा सराव करायचे. चेहऱ्यावर असं समाधान, की बघून मलाच गहिवरून यायचं.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं! मग आला तहाच्या बाळाचा अकीका, म्हणजे बाळ जन्मल्याचं जेवण.

तहा म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचा, खैरूनआपांचा मुलगा. खैरूनआपा दोन बिल्डिंगा सोडून राहतात. दीड वर्षापूर्वी त्या सहलीला बाकू शहरात जाऊन आल्या, त्या अजून परत आलेल्या नाहीत! कुठंही बसल्या की मोबाईल काढतात नि फोटो दाखवतात. निम्म्या फोटोंत बाकू आहे, निम्म्यांत त्यांचा अंगठा. त्या दिवशीही दस्तरखानावर आम्ही दहा बायका जेवायला बसलेल्या, आणि आपांनी बिर्याणीत हात घालता घालता मला विचारलं, "जैनब, तू कधी बाहेर कुठं गेलीच नाहीस ना गं? कोपऱ्यावरच्या बकाल्यात दूध आणायला सोडून?"

मी घास खाली ठेवला. पाणी प्यायले. ओढणी सारखी केली.

"आम्ही ग्रीसला चाललोय, आपा. समुद्रावरच्या हॉटेलात. आठ दिवस."

आपांचा मोबाईल हातातल्या हातात विझला. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी माणुसकीची बाई, तोंडातून सवयीनं पुढचं निघून गेलं, "तुम्हीपण चला ना आमच्याबरोबर!"

आता इथं आमची रीत सांगायला हवी. आमच्या खाडीकाठी ओटीवर जेवत असलं आणि पुढून कोणी गेलं, की हाक मारायची, "या जेवायला!" त्यानं चालता चालता म्हणायचं, "चालू द्या तुमचं, आत्ताच ताटावरून उठलो." झालं! बोलावणाऱ्याला सवाब, म्हणजे पुण्य, जाणाऱ्याला मान, आणि पातेल्यातली मासळी जागच्या जागी! कुठं जायचं असलं तरी तेच. आपण म्हणायचं "चला ना", समोरच्यानं म्हणायचं "नाही हो, यंदा कुठं जमतंय!" माझ्या उभ्या आयुष्यात या व्यवहारात कोणी कोणाला दगा दिलेला नाही.

खैरूनआपांनी माझ्याकडे बघितलं. बोटं चाटली.

"बरं," त्या म्हणाल्या. "येतो."

माझ्या घशात बिर्याणीतला बटाटा उभा राहिला! पण आता एकीला म्हटलं म्हटल्यावर बाकीच्या काय मेलेल्या? त्यांनाही म्हणावंच लागलं. नऊ बायका, नऊ वेळा "चला ना", आणि नऊ वेळा "येतो"! जणू सगळ्यांनी मिळून माझ्याविरुद्ध कट केला होता. घरी येताना लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या मनोरमाबाई भेटल्या. पुण्याच्या. त्यांचे गुणवंतराव अल क्वोजच्या एका गोदामात मॅनेजर आहेत. मी मनात म्हटलं, ही शिकलेली बाई, हिला तरी रीतभात असेल. पडताळून बघायला म्हटलं, "आम्ही ग्रीसला चाललोय, चला ना!"

"अय्या! जैनबभाभी, नक्की!" त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी भाजणी घेते. थालीपिठं लावू किनाऱ्यावर!"

माझा मजला येऊन गेला तरी मी लिफ्टमध्येच उभी होते.

दुसऱ्या दिवशी तहानं व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. नाव, 'यल्ला ग्रीस'. मला इतकं भराभर वाचता येत नाही, म्हणून सफा वाचून दाखवायची.

"दादी, थर्टी-वन मेंबर्स."

"किती म्हणजे?"

"एकतीस. अँड तहाकाका सेज, हॉटेलच्या फोर्टीनपैकी टेन रूम्स आपल्याच."

"आणि उरलेल्या चार?"

"तिथल्या गेस्ट्सना दुसरीकडे हाऊ वुई कॅन शिफ्ट, असं ते विचारतायत हॉटेलला."

रोज नवी बातमी! तहा गाण्यांचा स्पीकर घेणार होता, हा एवढा, लहान मुलाच्या उंचीचा. पोरं वाळूत क्रिकेट खेळणार होती. बायकांची सकाळी योगासनं, संध्याकाळी भेंड्या. गुणवंतरावांनी रोज पहाटे साडेपाचला सगळ्यांना शिट्टी वाजवून उठवायची जबाबदारी आपणहून घेतली होती. शिट्टी! ज्या माणसानं छत्तीस वर्षं शिट्ट्या ऐकल्या, त्याच्या खिडकीखाली!

आणि तो माणूस टोपी घालून बाल्कनीत बसलेला. त्याला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या मोबाईलला बटणं आहेत, त्यात ग्रुप येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगून टाकायचं लोकांना, की बाबांनो येऊ नका! वा! दिलेलं बोलावणं परत घ्यायचं म्हणजे पाहुण्याच्या ताटातली भाकरी ओढून घ्यायची. जैनब मेली तरी तसं करणार नाही. पण माणसाला आपणहून भाकरी नकोशी झाली, तर त्याला जैनब काय करणार? मी बेत आखला.

खैरूनआपांना फोन लावला. "आपा, ऐकलंत का? तिथं भात मिळत नाही म्हणे. नुसता पाव."

"बरं झालं सांगितलंस!" आपा म्हणाल्या. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला, प्रत्येक घरानं पाच किलो तांदूळ घ्यायचा.

मनोरमाबाईंना गाठलं. "कसं सांगू तुम्हाला, तिथल्या संडासात पाणी नसतं हो. कागद!"

त्या शहारल्या. मला वाटलं, एक तरी गळली! पण गुणवंतराव गोदामवाले. त्यांनी सात हँड शॉवर, पंधरा फूट नळी आणि एक प्लंबरचा पाना सामानात टाकला. ज्यांना हँड शॉवर पुरला नाही, त्यांच्यासाठी एकेक टमरेल.

"समुद्राचं पाणी बर्फासारखं गार असतं," मी सांगितलं.

"आम्ही कुठं पाण्यात उतरणार? आम्ही गप्पा मारायला येतोय!"

मी एक खोट काढावी, नि त्यांचं सामान दहा किलोनं वाढावं! मी गप्प बसले नसते तर विमान धावपट्टीवरून उठलंच नसतं.

मग मी शेवटचं हत्यार काढलं. सकाळी दहा वाजता सफाकडून ग्रुपवर लिहून घेतलं, 'हमदुल्लांची तब्येत बरी नाही. आमचं ग्रीस खलास. माफी असावी.' खोटं बोलल्याबद्दल तौबा केली आणि कांदे चिरायला बसले. आता सगळे आपापली बुकिंगं रद्द करतील, आणि मग आम्ही दोघं टोपी घालून हळूच निसटू. काय बेत होता! अजून आठवला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटते.

पण मी विसरले. आजाऱ्याला बघायला जायची आमची रीत आहे. आणि ही रीत त्या 'चला ना'सारखी नाही, ही कोणी मोडत नाही.

पाच वाजता घंटी वाजली. दारात खैरूनआपा, हातात बकऱ्याच्या पायांच्या सुपाचं पातेलं. त्यांच्या मागे तहा, त्याची बायको, बाळ. त्यांच्या मागे अकीक्यातल्या सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांसकट. मनोरमाबाई मुगाची खिचडी घेऊन. गुणवंतराव ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र घेऊन! लिफ्टची खेप खाली जायची नि भरून वर यायची. दोन खोल्यांत एकतीस माणसं! कोणी शिलाई मशीनवर बसलं, कोणी तांदळाच्या पिंपावर. सगळे हळू आवाजात कुजबुजत होते, आणि एकतीस माणसं हळू आवाजात कुजबुजली, की जबल अलीचा भोंगा परवडतो!

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. हे बाहेर आले. लुंगी, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर गवताची टोपी. आंघोळ करून गुलाबी झालेले. एकतीस जण डोळ्यांत पाणी आणून आपल्याकडे बघतायत, हे बघून जागच्या जागी थबकले.

"हमदू!" खैरूनआपांनी हंबरडा फोडला. "माझ्या भावा!"

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काय झालं, विचारतोय!" आपा माझ्याकडे वळल्या. "जैनब, तू त्याला सांगितलंच नाहीस?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं डोळा मारला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मारला, त्यामुळे नेम चुकला आणि गुणवंतराव लाजले. पण मोठे धीराचे! पुढे होऊन ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हमदुल्लाभाई, हल्ली सगळ्यावर इलाज आहेत हो."

"कशावर?"

"बघा!" मनोरमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बिचाऱ्यांना काही कल्पना नाही!"

तहा एकदम खुर्चीवर चढला. "ऐका! मामूंची शेवटची इच्छा ग्रीस आहे. तर मामू ग्रीसला जाणार! आणि आपण सगळे त्यांच्याबरोबर जाणार! एक मिनिटसुद्धा त्यांना एकटं सोडायचं नाही. मी शिफ्ट लावतो. दोन-दोन तासांची. प्रत्येक शिफ्टला तीन माणसं मामूंच्या खुर्चीजवळ बसतील आणि त्यांच्याशी बोलत राहतील. मन रमलं पाहिजे!"

"इन्शाल्ला!" एकतीस जण म्हणाले. गुणवंतरावसुद्धा.

हे माझ्याजवळ आले. "जैनब, आत ये." आम्ही स्वयंपाकघरात गेलो. दार लोटलं. ह्यांनी शांतपणे विचारलं, "मी मरतोय का?"

"नाही हो! तुमच्या शत्रूला मरण येवो!"

"मग?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. अकीका, बाकू, लिफ्ट, हँड शॉवर. खाली मान घालून. मी खाली मान घालून बोलले, हे माझ्या लेकी-सुनांना कळलं तर विश्वास ठेवायच्या नाहीत.

हे ऐकून घेत होते. बाहेर बाळ रडत होतं, कोणीतरी खिचडीला वाट्या मागत होतं. मग ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच फ्रिजवर ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "येऊ दे सगळ्यांना. तुझा शब्द जाईल."

रागावले असते तर चाललं असतं. मला रागाला उत्तर देता येतं. पण ती टोपी फ्रिजवर अशी ठेवली होती, जशी काही कोणाची तरी परत करायची वस्तू आहे. माझ्याच्यानं बघवेना. मी ती उचलली, ह्यांच्या डोक्यावर नीट बसवली आणि दार ढकलून बाहेर आले.

"ऐका सगळ्यांनी! हे ठणठणीत आहेत! मी खोटं बोलले!"

कोणाच्या तरी हातातली वाटी पडली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढचं निघालंच नसतं. "ह्यांना आठ दिवस कोणाचं तोंड बघायचं नाहीये! माझं बघायचंय, पण तेही बंद पाहिजे! मी तुम्हाला 'चला ना' म्हटलं ते रीतीनं म्हटलं. तुम्ही 'यंदा कुठं जमतंय' म्हणायचं होतं! मी रीत पाळली. मोडली ती तुम्ही!"

मला वाटलं, आता खैरूनआपा सुपाचं पातेलं उचलतील, आणि पुढच्या तीन पिढ्या आमचं जाणं-येणं बंद.

आपा उठल्या. "आणि आम्ही 'येतो' म्हटलं, ते काय हौसेनं म्हटलं?"

"म्हणजे?"

"अगं, तुम्ही दोघं कायमची गावी चाललात! तू आजवर कोणाकडे काही मागितलं नाहीस. जाता जाता पहिल्यांदाच 'चला' म्हणालीस. मला वाटलं, बाईला सगळ्यांबरोबर चार दिवस घालवायचेत. नाही कसं म्हणू? जैनब, मला वाळूचा तिटकारा आहे! पायाला लागली की अंगावर काटा येतो. म्हणून तर बाकूला गेले. तिथून पुढे डोंगरावर बर्फ होता!"

"आमच्या ह्यांना तर समुद्र नुसता बघून लागतो," मनोरमाबाई हळूच म्हणाल्या. "काल गोळ्या आणल्या."

"माझी सुट्टीच मंजूर नव्हती," तहा खुर्चीवरून उतरला. "खोटं मेडिकल देणार होतो. मला वाटलं, मामीला वाईट वाटेल."

एकेक जण बोलायला लागला. कोणाला विमानाची भीती, कोणाच्या पोराची परीक्षा. एकतीस माणसांपैकी ग्रीसला जायचं होतं फक्त गुणवंतरावांना, आणि तेसुद्धा हँड शॉवर बसवून बघायला! सगळ्यांनी माझा मान राखायला म्हणून बुकिंग केलं होतं. पैसे न कापता रद्द करायची मुदत रात्रीपर्यंत होती, म्हणून सगळ्यांनी तिथल्या तिथं मोबाईल काढले, आणि इतक्या आनंदानं बोटं चालवली, जशी काही लॉटरीच लागली होती. तहानं ग्रुपचं नाव बदलून 'खलास ग्रीस' केलं. मग सूप होतं, खिचडी होती, दस्तरखान पसरला आणि सगळे पोटभर जेवून गेले. हेसुद्धा जेवले, टोपी घालून. गुणवंतरावांनी तेवढ्यात त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं. अगदी नॉर्मल. माझं वर गेलं होतं.

तर मे महिन्यात आम्ही दोघं ग्रीसला गेलो. दोघंच! पांढरं हॉटेल, दारात वाळू, दोन खुर्च्या, एक छत्री. हे बसले. मी शेजारी बसले. पहिला दिवस मी दातांखाली जीभ धरून काढला. दुसऱ्या दिवशी जीभ सुजली. तिसऱ्या दिवशी मला एक आवाज यायला लागला, हुश्श... हुश्श... मी ह्यांना खूण करून विचारलं, हे काय? ह्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं. काय सांगू! जन्म समुद्राकाठी काढला, पण तो इतकं बोलतो, हे माझ्या बोलण्यात मला कधी ऐकूच आलं नव्हतं. मग त्याचंच ऐकत बसले. ह्यांनी मधेच माझ्याकडे बघितलं, हसले आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. आठ दिवस असेच गेले. आयुष्यात इतकं सुख मी कधी गप्प राहून मिळवलं नव्हतं.

निघायच्या दिवशी हॉटेलची मालकीण दारापर्यंत आली. माझ्याच वयाची. तोंडाळ, माझ्यासारखीच. भाषा कळत नव्हती, पण तेवढं कळत होतं. तिचा नवरा ह्यांच्यासारखा घुम्या. आठ दिवस ते दोघं रोज सकाळी शेजारी बसून एकही शब्द न बोलता कॉफी प्यायचे, त्यामुळे फार दोस्ती झाली होती. तिनं आम्हाला ऑलिव्हची बाटली दिली. टॅक्सीत सामान चढलं. आणि तेवढ्यात आमचे हे, दिवसाला अकरा शब्दांचे हे, त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन आपल्या बंदरी इंग्रजीत म्हणाले, "माय फ्रेंड! कम माय व्हिलेज. ऑल फॅमिली. कम!"

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. बाई छातीवर हात ठेवून उभी. डोळ्यांत पाणी. तिला काय माहीत आमची रीत!

परवा त्यांचा मेसेज आला. सफानं वाचला. डिसेंबरात येतायत. दहा दिवस. नऊ माणसं. तिकिटांचे फोटोसुद्धा पाठवलेत.

"अँड दादी, दे आर आस्किंग, तुमच्या गावी बीच आहे का? वाळूचा? अँड... इज इट क्वाएट?"

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सगळ्या जगाला टाळायला ग्रीसला गेलात, आणि येताना ग्रीसच बोलावून आलात? का?"

हे म्हणाले, "रीत आहे."

त्या दिवशी दोनच शब्द बोलले. उरलेले नऊ बहुतेक डिसेंबरातल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेत, प्रत्येकी एक.

आता सामानाची खोकी बांधता बांधता हे सांगतेय. सप्टेंबरात गावी पोचू. घर मोठं आहे, ओटीवर बसलं की खाडी दिसते, आणि संध्याकाळी वारा तर असा सुटतो, की काय सांगू! तुम्हीपण या ना कधी, सगळ्या घरच्यांना घेऊन! राहायलाच या!

...

निघून गेलं तोंडातून! आता पुढचं तुम्ही म्हणायचं. माहीत आहे ना काय म्हणायचं ते? "नाही हो, यंदा कुठं जमतंय!" म्हणा बघू. जरा मोठ्यानं म्हणा, मला ऐकू आलं पाहिजे!